टिश्यू अपुरा आहे, मग रक्तावर भागेल का?

आरोग्य-पत्रपेटी
उत्तरे : एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, बडोदे

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. बडोद्यातच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. काही महिन्यांपासून भूक मंदावली, दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, वजन उतरत गेलं. दुर्बिणीतून तपासलं तेव्हा जठराच्या खालच्या भागात जखम दिसली आणि तुकड्याचा रिपोर्ट कॅन्सरचा आला. सीटी स्कॅनमध्ये यकृतावरही दोन-तीन ठिपके आहेत. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनने काही साधणार नाही, केमो सुरू करू. सोबत इम्युनोथेरपी द्यायची का, हे ठरवायला त्याच तुकड्यावर आणखी तपासण्या हव्या होत्या. लॅबने कळवलं, टिश्यू अपुरा आहे, एंडोस्कोपी पुन्हा करा. पहिल्या वेळी बाबांना फार मळमळलं होतं, आता ते ठाम नाही म्हणतात. त्यांना आम्ही अजून अल्सरच सांगितलं आहे. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने एक शोधनिबंध पाठवला, त्यात जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात ‘इम्यून चेकपॉइंट प्रथिनं’ मोजली आहेत. इथे चौकशी केली तर एका खासगी लॅबचा माणूस म्हणाला, रक्त बाहेरगावी पाठवू, एंडोस्कोपीची गरजच नाही. खर्च बराच आहे, पण बाबांचा त्रास वाचणार असेल तर आमची तयारी आहे. करू का?
— एक मुलगी, दांडिया बाजार

उत्तर : नका करू. उत्तर आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या हाताशी वेळ थोडा आहे. कारणं सावकाश वाचा. त्या रक्ततपासणीचा आकडा आला तरी तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट त्यावरून इम्युनोथेरपीचा निर्णय घेणार नाहीत. जठराच्या कॅन्सरच्या उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टर वापरतात, त्यांत हा आकडा मागितलेला नाही. म्हणजे पैसे जातील, दिवस जातील आणि बाबांना एंडोस्कोपी करावी लागेल ती लागेलच.

तरी भावाला रागावू नका. इतक्या लांब बसलेल्या मुलाच्या हातात शोधाशोध करण्यापलीकडे काय असतं? आणि त्याने शोधलेला विषय खरोखरच महत्त्वाचा आहे. माझी सगळी नोकरी मायक्रोस्कोपसमोर गेली. जठराचे तुकडे मी शेवटच्या दिवसापर्यंत पाहत होते, आणि दंडातून घेतलेल्या चार-पाच मिलिलिटर रक्तात हे सगळं कळावं अशी आम्हा पॅथॉलॉजिस्टांचीही फार दिवसांची इच्छा आहे. ते अजून का कळत नाही हे नीट सांगते, म्हणजे त्या लॅबच्या माणसाला काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच उमगेल.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. परकं किंवा बिघडलेलं काही दिसलं की त्या हल्ला करतात. पण हल्ला कुठेतरी थांबायलाही हवा, नाहीतर त्या आपल्याच सांध्यांवर, आपल्याच थायरॉइडवर उठतील. म्हणून टी-पेशीच्या अंगावर थांबण्याचा हुकूम घेणारी काही प्रथिनं असतात; हीच चेकपॉइंट प्रथिनं. त्यांतलं पीडी-१ हे १९९२ साली क्योटोला तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. दुसरं सीटीएलए-४, त्याला अडवलं की टी-पेशी कॅन्सरवर तुटून पडतात हे अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी उंदरांवर दाखवलं. दोघांना मिळून २०१८ चं नोबेल मिळालं. टिम-३, लॅग-३ ही त्याच घराण्यातली नावं त्या निबंधात तुम्हाला दिसली असतील. पीडी-१ ला थांबण्याचा हुकूम देणारं प्रथिन समोरच्या पेशीवर असतं, ते पीडी-एल१.

नवरात्रात आपल्याकडे गरब्याच्या मैदानाच्या फाटकावर काय चालतं ते डोळ्यांपुढे आणा. पास दाखवला की रखवालदार बाजूला होतो. पीडी-एल१ हा तो पास. शरीरातल्या चांगल्या पेशींनाही तो लागतो, आणि कॅन्सरची पेशी तोच पास मिळवून टी-पेशीसमोर धरते. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं टी-पेशीवरच्या पीडी-१ ला झाकून टाकतात. मग पास कितीही नाचवला तरी रखवालदाराला तो दिसत नाही. आता, भावाच्या निबंधात जे मोजलं आहे ते म्हणजे मैदानाबाहेर रस्त्यावर पडलेले पास. खूप पास पडलेले दिसले तर आत गर्दी असणार हा अंदाज बरोबर ठरू शकतो. पण ते कुठल्या मैदानाचे, कुणाच्या हातून पडले आणि या क्षणी फाटकाशी जो उभा आहे त्याच्याकडे पास आहे का, हे रस्ता बघून सांगता येत नाही.

रक्तातलं हे सुटं पीडी-एल१ येतं कुठून? पेशीच्या बाहेर डोकावणारा त्याचा भाग काही विकरं (एन्झाइम) कापतात आणि तो सुटून रक्तात येतो. काही पेशी मुळातच असं पीडी-एल१ बनवतात की ज्याला पेशीच्या आवरणात रुतून बसायचा भागच नसतो. काही पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुटिकांवर बसून फिरतं. आणि हे सगळं एकट्या कॅन्सरच्या पेशी करत नाहीत, प्रतिकारशक्तीच्या पेशीही करतात. जंतुसंसर्गात, आमवातात, गरोदरपणात हा आकडा वाढलेला सापडतो. बाबांना नेमका त्या आठवड्यात लघवीचा संसर्ग झालेला असला तर वाढलेला आकडा कशाच्या नावे लावायचा?

मोजण्याची अडचण वेगळीच. ही प्रथिनं मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. मोजायची पद्धत बहुधा एलायझा : प्लॅस्टिकच्या तबकडीतल्या छोट्या खळग्यांत प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात, त्यात रक्तद्रव घालायचा आणि उमटणाऱ्या रंगाची गडद छटा यंत्राने वाचायची. पण एका कंपनीच्या किटमधली प्रतिपिंडं प्रथिनाचं एक टोक पकडतात, दुसऱ्या कंपनीची दुसरं. कापलेला तुकडा एकात मोजला जातो, दुसऱ्यात निसटतो. रक्त गोठू दिलं की न गोठणाऱ्या नळीत घेतलं, नमुना किती वेळ बाहेर राहिला, किती वेळा गोठवून वितळवला, सगळ्याचा परिणाम होतो. साखर १२६ म्हटली की बडोद्यात काय आणि बोस्टनमध्ये काय, डॉक्टरला अर्थ कळतो. सुट्या पीडी-एल१ ला असा सगळ्यांनी मान्य केलेला उंबरठा नाही. त्या माणसाला एवढंच विचारा : “रिपोर्टवर नॉर्मलची मर्यादा काय छापता, आणि ती कुणावर तपासून ठरवली?”

आता मुख्य मुद्दा, आणि याच्यासाठीच मी एवढं लांबण लावलं आहे. अशा बहुतेक अभ्यासांत काय करतात? रुग्णांचं रक्त घेतात, आकडा मोजतात, मग काही वर्षं कोण किती जगलं ते पाहतात. ज्यांच्या रक्तात पीडी-एल१ जास्त, त्यांची गत सरासरीने वाईट, असं अनेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये दिसलं आहे; जठराच्या कॅन्सरमध्येही दिसलं आहे, तरी सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. पण यातून ‘आजार किती जड आहे’ एवढंच कळतं. ‘हे औषध दिलं तर या माणसाला लागू पडेल का’ हा प्रश्न निराळा. त्याचं उत्तर हवं असेल तर औषध मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट हवेत, आणि आकडा जास्त असलेल्यांना औषधाने बाकीच्यांहून अधिक फायदा झाला असं दिसायला हवं. बाबांचा आजार जड आहे हे तुम्हाला सीटी स्कॅनने आधीच सांगितलं आहे. तेच पुन्हा रक्ताकडून ऐकायला पैसे कशाला द्यायचे?

त्यात प्रत्येक प्रथिनाचा अर्थ एकाच दिशेचा नाही. सुटं पीडी-एल१ लांबवर जाऊन टी-पेशींना दाबू शकतं. सुटं पीडी-१ मात्र पीडी-एल१ ला वाटेतच धरून ठेवतं, म्हणजे टी-पेशींच्या फायद्याचंही ठरू शकतं. अशा दहा-बारा प्रथिनांच्या आकड्यांचा कागद तुमच्या हातात पडला, काही आकडे वर, काही खाली, तर रात्रभर तो कागद घेऊन बसाल आणि सकाळी भावाला फोन करून दोघंही आणखी घाबराल. लोकांना या अवस्थेत मी पाहिलं आहे. म्हणून इतकं आग्रहाने लिहिते आहे.

आता तुकड्याकडे या. बाबांचा टिश्यू अपुरा का पडला असेल? एंडोस्कोपीच्या चिमट्यात येतो तो तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा. जखमेच्या मधोमध घेतला तर त्यात बरंचसं मेलेलं मांस आणि पू येतो, जिवंत कॅन्सरपेशी मोजक्याच. तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो; पहिलं निदान करताना त्या ब्लॉकमधून काप काढावे लागतात, त्यात उरलंसुरलंही संपतं. पीडी-एल१ साठी मात्र किमान शंभर जिवंत कॅन्सरपेशी लागतात. काचेवर ताजा काप घेऊन त्यावर पीडी-एल१ ला चिकटणारं प्रतिपिंड आणि रंग चढवतात. मग ज्या पेशींवर पीडी-एल१ आहे त्यांच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. कुठे अख्खी गोल, कुठे अर्धवट, कुठे इतकी फिकी की भिंग बदलून पाहावं लागतं. तपकिरी झालेल्या कॅन्सरपेशी आणि लिम्फोसाइट, मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजायच्या, त्यांच्या बेरजेला एकूण जिवंत कॅन्सरपेशींनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. हा सीपीएस. मॅक्रोफेजला कॅन्सरपेशी समजून मोजलं किंवा मेलेल्या भागातला रंग धरला की उत्तर चुकतं. म्हणून अनुभवी माणूस लागतो, आणि दोन पॅथॉलॉजिस्टांच्या मोजणीत थोडा फरक पडतो हेही खरं. पण या आकड्यामागे हजारो रुग्णांवर केलेल्या चाचण्या उभ्या आहेत.

त्यांतली सगळ्यांत मोठ्या चाचण्यांपैकी एक ‘चेकमेट ६४९’. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सीपीएस पाच किंवा त्याहून जास्त असलेल्यांमध्ये नुसत्या केमोवर मध्यम आयुर्मान ११.१ महिने होतं, केमोबरोबर निव्होलुमॅब दिल्यावर १४.४ महिने. मध्यम म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले, आणि थोड्या लोकांमध्ये हा परिणाम वर्षानुवर्षं टिकला. सीपीएस खाली जातो तसा फायदाही आटत जातो. अमेरिकेच्या औषध-नियामकाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये बहुमताने म्हटलं की एकपेक्षा कमी असेल तर जोखमीच्या मानाने फायदा पुरेसा नाही. औषध फार महाग आहे. थायरॉइड, आतडी, फुप्फुसं, यकृत यांवर आपलीच प्रतिकारशक्ती उलटण्याचा धोका त्यात आहे. म्हणून हा निर्णय तुकडा पाहूनच व्हायला हवा.

आणि तुकडा एकट्या पीडी-एल१ साठी नको आहे. हर-टू हे कॅन्सरपेशीवरचं प्रथिन तपासा : सुमारे पाच-सहा रुग्णांमागे एकात ते वाढलेलं सापडतं, आणि सापडलं तर त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब देता येतं. ते भारतात २०१४ पासून बनतं, त्यामुळे पूर्वीपेक्षा बरंच आवाक्यात आलं आहे. दुसरी तपासणी एमएमआर, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची : चार प्रथिनांचे चार रंग, तुलनेने स्वस्त. यात दोष निघाला, ज्याला एमएसआय-हाय म्हणतात, तर इम्युनोथेरपी उत्तम लागू पडण्याची शक्यता असते. प्रगत आजारात असे रुग्ण थोडे, पण त्या थोड्यांसाठी सगळं चित्रच बदलतं. ते थोडे कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. क्लॉडिन १८.२ या प्रथिनावरचं औषधही २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्य झालं, आणि त्याचीही परीक्षा तुकड्यावरच होते.

तेव्हा एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटा आणि स्पष्ट सांगा : तपासण्यांसाठी टिश्यू हवा आहे, सहा ते आठ तुकडे घ्या, जखमेच्या कडेचे घ्या, वेगवेगळ्या जागचे घ्या. झोपेचं इंजेक्शन देऊन करता येईल का तेही विचारा. हृदय-फुप्फुसं ठीक असतील तर ते जमतं, आणि बाबांना गेल्या वेळेसारखा त्रास होणार नाही. तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत लगेच पडायला हवेत, आणि बाटलीवरचं नाव लॅबला देण्यापूर्वी स्वतः वाचा. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘हर-टू, एमएमआर, पीडी-एल१ हवे; टिश्यू जपून वापरा’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे काप काढणारा एकाच वेळी सगळे काप काढून ठेवील. बाबा एंडोस्कोपीला तयार झालेच नाहीत तर यकृतावरच्या ठिपक्याचा तुकडा सोनोग्राफीत बघत सुईने घेता येतो का, हे विचारा. तेवढ्यासाठी केमो थांबवून ठेवायचं कारण नाही. पहिला डोस सुरू करून, रिपोर्ट आल्यावर पुढच्या डोसापासून इम्युनोथेरपी जोडतात. सगळं झाल्यावर मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या किंवा तो जपून ठेवल्याची खात्री करा. अमदावादला किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलात तर पहिली मागणी ब्लॉकची होईल.

‘लिक्विड बायोप्सी’ हा शब्दही तुमच्या कानावर पडेल. ती वेगळी तपासणी. तिच्यात रक्तातले कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे वाचतात आणि तुकडा मिळणं खरोखरच अशक्य असेल तेव्हा एमएसआय किंवा हर-टूबद्दल तिच्यातून काही कळू शकतं. चेकपॉइंट प्रथिनांची तपासणी म्हणजे ती नव्हे. दोन्हींचं रक्त सारखंच काढतात, त्यामुळे घोटाळा होतो, आणि विकणारा तो दूर करीलच असं नाही.

रक्ताच्या बाजूनेही न्यायाने बोलायला हवं. तुकडा जठरातल्या एका कोपऱ्याचा असतो. त्याच माणसाच्या जठरात पीडी-एल१ जास्त आणि यकृतात कमी असू शकतं, केमोनंतर ते बदलूही शकतं. रक्त सगळीकडून येतं आणि दर महिन्याला घेता येतं. उपचार चालू असताना एकाच किटवर, एकाच लॅबमध्ये हा आकडा कसा हलतो ते पाहिलं तर औषध लागू पडतंय का याचा सुगावा लवकर लागेल, अशी आशा संशोधकांना आहे आणि मलाही आहे. तेव्हा बाबांवर उपचार करणाऱ्या हॉस्पिटलात असा अभ्यास चालू असला आणि संमतिपत्र देऊन त्यांनी एक जादा नळी रक्त मागितलं, तर जरूर द्या. त्याचे पैसे तुम्हाला लागता कामा नयेत. उद्याच्या रुग्णांसाठी त्या एका नळीचं मोल आहे. तुमच्या आजच्या निर्णयासाठी ते विकत घेऊ नका, एवढंच.

भावाला हा अंक पाठवा आणि त्याला निबंधात तीन गोष्टी शोधायला सांगा : रुग्ण किती होते आणि किती हॉस्पिटलांतले, उंबरठ्याचा आकडा आधी ठरवला होता की निकाल पाहून बसवला, आणि त्या रुग्णांना इम्युनोथेरपी मिळाली होती का. तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर तो निबंध तुमच्या प्रश्नाचा नाही.

उरला अल्सर. बाबांना सांगा. ज्या माणसाला अल्सर आहे असं वाटतं, तो दुसऱ्या एंडोस्कोपीला नाही म्हणणारच. मीही म्हटलं असतं. आणि केमोचा पहिला डोस लागला की त्यांना कळणारच आहे, तेही वॉर्डात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून. ते गणिताचे शिक्षक आहेत. मध्यम म्हणजे काय, शेकडेवारी म्हणजे काय हे त्यांना तुमच्याहून चांगलं कळतं. एकदम सगळं सांगायची गरज नाही. तुम्ही आणि आई त्यांच्याजवळ बसा, गाठ कॅन्सरची आहे, उपचार आहेत आणि योग्य उपचार निवडायला तुकडा लागतो, एवढं सांगा. पुढचं ते विचारतील तेवढंच. विचारलं आणि उत्तर तुम्हाला येत नसेल तर तो प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, बाबांना बरोबर घेऊन.

पैशांबद्दल : बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे कुटुंबाचं उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड त्यांना मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार कार्ड घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाकडे, आजच जा, आणि केमो, ट्रास्टुझुमॅब, इम्युनोथेरपी यांतलं काय त्यात बसतं ते एकेक करून विचारा. खासगी लॅबसाठी जे पैसे बाजूला काढले होते ते योजनेत न बसणाऱ्या गोष्टींना लागतील. रक्ताचीही एक तपासणी मी करायला सांगीन : इम्युनोथेरपी ठरलीच तर सुरू करण्यापूर्वी थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड आणि साखर. पुढे काही उलटलं तर आधीचे आकडे हाताशी असतील.

प्रश्न : माझं वय ५८. अ‍ॅसिडिटी जुनीच आहे, गोळी रोज घेते. मध्ये हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून मुलाने कॅन्सरची रक्ततपासणी, सीईए, करून घेतली. ती नॉर्मल आहे. आता जठराची काळजी सोडू ना?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : सोडू नका. सीईए हे कॅन्सर शोधण्यासाठी नाहीच. जठराचा कॅन्सर असलेल्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच कमी लोकांत ते वाढतं, आणि सुरुवातीच्या आजारात तर त्याहूनही कमी. तुमच्या पत्रात महत्त्वाचा शब्द हिमोग्लोबिन हा आहे. या वयात बाईचं रक्त कारण नसताना कमी झालं तर ते कुठून जातंय ते शोधावंच लागतं. शौचाला डांबरासारखी काळी होते का, वजन उतरलंय का, गिळताना अडकतं का, याकडे लक्ष द्या. यातलं काही असो वा नसो, लोहाची तपासणी करा आणि गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडून एंडोस्कोपी करून घ्या. त्यात काही निघालं नाही तर मोठ्या आतड्याचीही तपासणी सांगतील, तीही टाळू नका. रोजच्या गोळीने जळजळ थांबते, आतली जखम मात्र झाकली जाऊ शकते. आणि तुकडा घेतला की आजार पसरतो, असं शेजारणीने सांगितल्याचं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्याने जठराचा कॅन्सर पसरत नाही. या भीतीने महिनोन्महिने थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तोवर आजार आपला आपण पुढे गेलेला असतो.

प्रश्न : आईला जठराचा कॅन्सर होता, गेल्या वर्षी ती गेली. आम्ही तिघं भावंडं चाळिशीतली. आम्हाला रक्तातून काही कळेल का? घरातलं लोणचं-पापड बंद करायला हवं का?
— एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तुम्हा तिघांना इतरांपेक्षा धोका थोडा जास्त आहे हे खरं, पण तुमच्या हातात एक ठोस उपाय आहे. जठराच्या कॅन्सरचं सगळ्यांत मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ सालीच त्याला कॅन्सरजनकांच्या पहिल्या गटात टाकलं. हा जिवाणू बहुधा लहानपणी घरातूनच लागतो, म्हणून आईकडे असेल तर तुमच्याकडेही असण्याची शक्यता बरीच. आपल्या देशात निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांत तो असतो आणि बहुतेकांना त्यातून कॅन्सर कधीच होत नाही, तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून हबकू नका.

कोरियात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तरी जठराचा कॅन्सर झालेल्या लोकांवर एक चाचणी झाली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांना जिवाणू मारणारी औषधं दिली त्यांच्यात सुमारे नऊ वर्षांत १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला. ज्यांना दिली नाहीत त्यांच्यात २.७ टक्के. जिवाणू पुरता गेलेल्यांमध्ये प्रमाण आणखी कमी होतं. थोड्याच दिवसांच्या औषधांनी एवढं साधत असेल तर ते करायलाच हवं.

चेकपॉइंट प्रथिनं किंवा सीईए, दोन्ही तुमच्या कामाची नाहीत. जिवाणूची रक्ततपासणीही टाळा, कारण संसर्ग जाऊन काही वर्षं झाली तरी रक्तातली प्रतिपिंडं राहतात आणि आज जिवाणू आहे का ते कळत नाही. युरिया श्वास-तपासणी करा किंवा शौचातलं अँटिजेन तपासा. औषधांचा कोर्स झाल्यावर निदान चार आठवडे थांबून पुन्हा तीच तपासणी करा. पहिल्या कोर्सने जिवाणू न जाणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. एकदा एंडोस्कोपी करायची का, आणि किती वर्षांनी परत, हे गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट तुमच्या वयावरून आणि आईच्या आजाराच्या प्रकारावरून सांगतील. म्हणून आईचा पॅथॉलॉजी रिपोर्ट सोबत न्या. तिला फार लहान वयात झाला असेल किंवा घरात आणखी कुणाला असेल तर आनुवंशिक तपासणीबद्दल विचारा.

लोणचं-पापड बंद नका करू, कमी करा. मिठात मुरवून टिकवलेले पदार्थ रोज भरपूर खाण्याने धोका वाढतो. पानाच्या कडेला वाढलेल्या फोडीने घाबरायचं नाही. तंबाखू आणि सिगारेट मात्र कुणी घेत असेल तर ती पूर्ण सुटायला हवी. जठराच्या कॅन्सरचं तेही कारण आहे. श्वास-तपासणी किंवा शौचाची तपासणी करण्यापूर्वी दोन आठवडे अ‍ॅसिडिटीची गोळी आणि चार आठवडे कुठलंही अँटिबायोटिक घेतलेलं नसावं, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.